प्रकरण चौदा : डोनलरावांच्या वडिलांचा फोटो

वेम्बलीत ईलिंग रोडवर एक स्टुडिओ आहे. तिथे मेलेल्या माणसाला कोट चढवून मिळतो. सोबत टाय. हवा असेल तर फेटा. मागचा निळा पडदा फुकट.

*

दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड नव्हतं. आयरिश माणसं होती. हजारोंनी होती.

*

दुकानातून आणलेल्या कॉटचा तळ जमिनीपासून जेमतेम वीतभर. बाळ पाळण्याच्या वरून द्यायचं आणि खालून घ्यायचं, तर खालून घेणार कसं? मोहनने कॉटच्या पायांखाली आपली जुनी मेडिकलची पुस्तकं सरकवली. एका पायाखाली सर्जरी, एकाखाली बालरोग.

*

घुगऱ्यांचे हरभरे टपोरे भिजले होते.

*

डोनल बोलतो ते सगळं इंग्रजीत, आयर्लंडमधल्या रॉसकॉमनच्या उच्चारांत. इथे ते मराठीत आहे, कारण करमरकरांच्या घरात ते पुढे मराठीतच सांगितलं गेलं.

*

नाव आत्याने ठेवायचं. आधी बाळाच्या कानात, मग सगळ्यांना. तोवर कुणी ते उच्चारायचं नाही.

सुहासिनी

"डावीकडे. अजून. आता माझ्या वडिलांपेक्षा उंच गेला तो," मोहन खालून म्हणाला. शिडी धरल्यासारखं करत होता.

"जाऊ दे उंच. पाहुणे आहेत ते."

"पण सुनेच्या आजोबांना बारशाला बोलवायचं, हे शास्त्रात कुठे आहे?"

"अहो, मंगलकार्याआधी पितरांना बोलवायचं, एवढं तर आहे ना? कुणाचे पितर ते मी बघते."

सुहासिनी शिडीवरून उतरली आणि मागे सरकून तिने भिंत पाहिली. काळ्या कोटातले सासरे. तिचे आईवडील. आणि आता ऊनाचे आजोबा, फिंटन. खाकी लष्करी पोशाख, छातीवर ओळीने मेडल्स, मागे निळा पडदा. काचेवर तिने कुंकवाचं बोट लावलं, चंदनाचा हार घातला. ऊनाने महिन्यापूर्वी फोनवर तिला एक फोटो दाखवला होता : फाटकाला टेकलेला, उन्हाने डोळे बारीक केलेला एक पोरगा, सगळा अस्पष्ट. सुहासिनीने तो गुपचूप स्वतःला पाठवून घेतला आणि स्टुडिओवाल्याला सांगितलं, "सोल्जर होते. वर्ल्ड वॉर टू. नीट करून द्या."

त्याने नीट करून दिलं होतं.

आज रिमेंब्रन्स संडे, युद्धांत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा रविवार. मेडनहेडमध्ये टाउन हॉलकडे सकाळपासून बँडवाल्यांची ये-जा. बाराव्या दिवशी व्हायचं बारसं तिसऱ्या महिन्यावर गेलं, ते ऊनाच्या वडिलांना, डोनलरावांना, यायला जमेना म्हणून. त्यांच्याशिवाय करायला ऊना तयार नव्हती. तिला बाळाचं नाव फिंटन ठेवायचं होतं. नवऱ्याला म्हणजे स्वानंदला, सुहासिनीला आणि आत्या म्हणून वरदाला तिने ते सांगितलं होतं, वडिलांना नाही. "डॅड हो म्हणाला तरच. नाहीतर नाही," असं ती म्हणाली होती. दुसरं नाव तिने शोधलंच नव्हतं.

फोटो पाहिला की ते हो म्हणतीलच, असं सुहासिनीला वाटत होतं. चाळीस वर्षं जीपी म्हणून माणसं पाहिलेली बाई. माणसाचा जीव कशात असतो हे तिला कळायचं.

बेल वाजली.

डोनल

एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये जावयाने कोटावरची पॉपी, ब्रिटिश सैनिकांच्या आठवणीचं लाल कागदी फूल, काढून गाडीच्या कप्प्यात टाकली होती. डोनलने ते पाहिलं आणि सीटचा पट्टा लावला. मुलगा चांगला होता. लपवण्यासारखं काही नसताना लपवायचा, एवढंच.

दारात विहीणबाई. सिल्कची साडी, दोन्ही हात पसरलेले. "या, डोनलराव!" ते 'राव' काय आहे हे त्याला लग्नातच समजावून सांगितलं होतं. त्याला ते आवडायचं.

त्याने घरी भाजून आणलेला मनुकांचा ब्रेड तिच्या हातात दिला. बूट काढायला वाकला. सरळ झाला तेव्हा समोरच्या भिंतीवर कुणीतरी ओळखीचं दिसलं.

आधी एवढंच वाटलं. ओळखीचं कुणीतरी.

मग तो जवळ गेला. कपाळावर लाल ठिपका. गळ्यात हार. बापाची हनुवटी, बापाचे डोळे, आणि बापाने कधीच न लावलेली मेडल्स.

"सरप्राइज!" सुहासिनी म्हणाली.

डोनलने टोपी हातात घेतली होती. ती पुन्हा डोक्यावर घातली.

"काढा हे," तो म्हणाला.

किचन

स्वानंद : आई, एकदा विचारायचं तरी.

सुहासिनी : सरप्राइज विचारून देतात का?

स्वानंद : त्यांच्या घरात हा फोटो कधी भिंतीवर नव्हता. कपाटात होता, टेबलक्लॉथच्या खाली. ऊनाने तुला सांगितलं होतं.

सुहासिनी : म्हणूनच लावला! कपाटात ठेवतात का माणसाला?

स्वानंद : आणि मेडल्स? मेडल्स कुठून आणलीस?

सुहासिनी : मी नाही आणली. त्या स्टुडिओवाल्याने... मला वाटलं, मूळ फोटोत असतील, दिसत नसतील.

स्वानंद : ओ गॉड.

वरदा : तू जरा गप्प बस ना, दादा. आईचं चुकलं, पण तिचं इन्टेन्शन चांगलं होतं.

(सुहासिनीने वळून मुलीकडे पाहिलं. उन्हाळ्यात वरदाने ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून दोघी मोजकंच बोलत होत्या.)

स्वानंद : तू आईच्या बाजूने? सीरियसली?

वरदा : बाजू नाही. पण तू एअरपोर्टला पॉपी काढली ना? मी पाहिलं, कोटाला पिनचं भोक आहे. या घरात तूच एक आहेस जो त्या माणसाला घाबरतो. आईने निदान त्याच्या बापाचा फोटो भिंतीवर तरी लावला.

स्वानंद : मग काय करायचं म्हणतेस? ते टॅक्सी बोलावतायत.

वरदा : ऊना बोलेल. तिचा बाप आहे.

सुहासिनी : पाहुणे यायला लागले. कुणीतरी घुगऱ्यांना फोडणी द्या.

ऊना

वरच्या खोलीत ती बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. डोनल खिडकीशी उभा, टोपी अजून डोक्यावर.

"त्यांना माहीत नव्हतं, डॅड. इथे असंच करतात. गेलेल्या माणसाला चांगले कपडे घालतात फोटोत."

"त्याला मेडल्स मिळाली नव्हती."

"माहीत आहे मला."

"मिळाली नव्हती म्हणजे, त्याने मागितली नव्हती. तेव्हा मागावी लागायची, ऊना. ब्रिटिशांना लिहायचं, की मी होतो तिथे, माझी द्या. त्याने लिहिलं नाही. का, ते मला ठाऊक नाही. पण ते त्याने ठरवलं होतं. आता वेम्बलीचा कुणी माणूस ती त्याच्या छातीवर लावणार?"

ऊना बघत राहिली. तिला वाटलं होतं, त्याला खाकीचा राग आला. ब्रिटिश खाकी, आणि ती उघड्यावर.

"मला वाटलं, तुला लाज वाटते," ती म्हणाली.

"त्याची?"

"मग काय वाटणार मला? तू कधी एक शब्द बोलला नाहीस. आजोबा आयरिश आर्मीतून पळून ब्रिटिश आर्मीत गेले, हे मला बसस्टॉपवर एका म्हातारीने सांगितलं. २०१३ साली डब्लिनने सगळ्यांना माफी दिली, कार्यक्रम झाला, तू गेला नाहीस."

"माफी!" त्याचा आवाज चढला. बाळ दचकलं. त्याने आवाज खाली आणला. "माफी कसली? त्याने काय केलं होतं? हिटलरशी लढायला गेला. ज्यांनी त्याची भाकरी तोडली, त्यांनी माफी मागायची, की द्यायची?"

"मग हे सांगायचं ना, डॅड! अभिमान कपाटात ठेवलास. बाहेरून बघणाऱ्याला तो लाजेसारखाच दिसतो."

त्याने खिडकीचा पडदा सारखा केला.

"बाळाला मी त्यांचं नाव देणार होते," ऊना म्हणाली. "तू हो म्हणालास तर."

"नको."

"का?"

"ते नाव घेऊन तो शाळेत जाईल. कुणी विचारेल कुणाचं नाव, तर हा काय सांगणार? खोटी मेडल्स दाखवणार?"

खालून मोहनने हाक मारली. टीव्ही लावलाय, या.

अकरा

मोहन दर वर्षी या दिवशी सकाळी अकराला, युद्धात गेलेल्यांसाठी, दोन मिनिटं गप्प उभा राहायचा. एनएचएसमध्ये लागलेली सवय. वॉर्डमध्ये सगळे उभे राहायचे, नर्सेस, वॉर्डबॉय, ज्यांना जमेल ते पेशंटसुद्धा. बारसं असो नाहीतर काही असो.

हॉलमध्ये वीसेक माणसं, जरीचे काठ, कुणाच्या हातात घुगऱ्यांची वाटी. सुहासिनी म्हणत होती, "डोनलराव, माझं ऐकून तरी..." आणि स्वानंद म्हणत होता, "आई, प्लीज, आत्ता..." आणि वरदा म्हणत होती, "दादा, तू..."

टीव्हीवर तोफ झाली.

कुणाचंच वाक्य पुरं झालं नाही.

सुहासिनीचा हात अर्धा उचललेला.

कुकरची शिट्टी. कुणीही हललं नाही.

डोनल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. आयुष्यात कधी या दोन मिनिटांसाठी तो उभा राहिला नव्हता. आज त्याला निघून जाता येत नव्हतं, कारण दारापर्यंत माणसंच माणसं होती आणि सगळी गप्प होती. त्याने टोपी काढली.

बाळाने ढेकर दिला.

कुणी हसलं नाही. मग हळूच सगळेच हसले, आवाज न करता.

टीव्हीवर बिगुल.

मोहन

पुढे होऊन बोलायचं मोहनच्या स्वभावात नव्हतं. घरातली भांडणं तो आजाराची लक्षणं बघावीत तशी लांबून बघायचा. पण डोनलला त्याने कोपराला धरलं आणि भिंतीपाशी नेलं. फिंटनच्या नाही, शेजारच्या फोटोपाशी.

"हे माझे वडील."

"रुबाबदार आहेत," डोनल म्हणाला. राग आला तरी रीत सोडायची नाही, असा माणूस.

"आचारी होते. सांगलीकडे लग्नांत स्वयंपाक करायचे. उन्हाळाभर चुलीपुढे, अंगावर पंचा, बाकी उघडे. त्यांचा एकच फोटो होता, कुठल्याशा मांडवात काढलेला. हातात झारा. ते गेले तेव्हा मी इथे होतो. भावाने तो फोटो स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने झारा पुसला आणि कोट चढवला."

डोनलने काळ्या कोटाकडे नीट पाहिलं. खांदे जरा मोठे होते. मान त्या कॉलरमधून आल्यासारखी वाटत नव्हती.

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला. फार आला. मला वाटलं, माझ्या बापाला हे लोक लाजले. त्या झाऱ्यावर मी डॉक्टर झालो. मग एकदा भावाला विचारलं. तो म्हणाला, लाजायचं काय त्यात? लोकांना कळायला नको का, की मोठा माणूस होता?"

"झाऱ्यासकट मोठाच होता की."

"तेच मी म्हणालो."

दोघे शेजारी शेजारी उभे राहिले. मागे सुहासिनी ऐकत होती हे मोहनला ठाऊक होतं. लग्नापासून तो फोटो तिने रोज पुसला होता. झाऱ्याचं त्याने तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली.

ती शिडी न घेता, खुर्चीवर चढली. फिंटनच्या गळ्यातला हार तिने एका बाजूला ओढला, दुमडला, पुन्हा ओढला. चंदनाच्या पट्ट्या छातीवर दाट बसल्या. मेडल्स झाकली गेली.

"असं चालेल?" तिने विचारलं. "उद्या मी वेम्बलीला जाऊन काढून आणते. मेडल्स काढ म्हणते. कोटही काढ म्हणते. फाटकावर उभे होते तसेच करून आणते. पण आज भिंतीवरून उतरवायला सांगू नका, डोनलराव. एकदा लावलेला माणूस आमच्यात उतरवत नाहीत."

स्वानंद पुढे आला. "आई, पुन्हा जबरदस्ती..."

"राहू दे, मुला," डोनल म्हणाला.

तो स्वानंदला बोलत होता की फोटोला, कुणाला कळलं नाही.

डोनल, पुन्हा

त्याला सोफ्यावर बसवलं. हातात वाटी. हरभरे, खोबरं, कोथिंबीर. त्याने चमचाभर खाल्लं आणि कुणी विचारलं नव्हतं तरी बोलायला लागला.

"आयरिश आर्मीत होता. युद्ध चाललेलं, आणि हे लोक काय करत होते? टर्फ कापत होते. जळणासाठी दलदलीतली माती. सैनिक, आणि हातात फावडं! एक दिवस निघाला, सीमा ओलांडली, बेलफास्टमध्ये भरती झाला. ट्युनिशिया, सिसिली, इटली. कसिनोच्या डोंगरात खेचरांवरून दारूगोळा चढवायचा. घरी गाढव होतं, म्हणून खेचरं त्याच्याकडे."

"कसिनो!" सुहासिनी सरसावली. "तिथे आपले इंडियन सोल्जर्स होते. मराठेसुद्धा होते इटलीत. भेटले असतील!"

"तसं कधी बोलला नाही."

"पण भेटले असतील."

"असतील," डोनल सौजन्याने म्हणाला.

वरदा तोंडावर पदर घेऊन हसली.

"परत आला, तर सरकारचा आदेश. सैन्य सोडून गेलेल्यांना सात वर्षं सरकारी नोकरी नाही. बेकारभत्ता नाही, पेन्शन नाही. रस्त्यावर खडी टाकायचं कामसुद्धा नाही, कारण तेही कौन्सिलचं. चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्हीच. गावात पळपुटा म्हणायचे."

"थांबा," मोहन म्हणाला. "पळून गेले ते युद्धाकडे?"

"हो."

"पळपुटे सहसा उलट्या दिशेने जातात."

डोनल हसला. आधी नाकातून, मग खांद्यांनी, मग सगळाच. ऊनाने त्याला असं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. डोळे पुसून त्याने वाटी खाली ठेवली.

"मग इंग्लंडला आला. कुठे, माहीत आहे? इथून जवळच. स्लाउमध्ये. विटा रचायचा. नाताळला घरी यायचा, माझ्यासाठी इथले बूट घेऊन. मी ते घालून शाळेत जायचो, आणि पोरं म्हणायची, ब्रिटिश बूट. मी तस्सेच घालायचो. रोज पॉलिश करायचो." त्याने मुलीकडे पाहिलं. "लाज वाटली असती तर पॉलिश केले असते का?"

ऊनाने मान हलवली.

"आता काय करणार आहेस नाव? मधलं?"

"मधलं. आधी पुढेच ठेवणार होते. तू नको म्हणालास, म्हणून आता पुढे काहीतरी सोपं, आणि मध्ये ते. शाळेत त्रास नको."

"मधलं नाही जमणार," वरदा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आत्या होती. आजच्या दिवशी या एका बाबतीत घरात तिच्यावर कुणी नव्हतं.

"मध्ये बापाचं नाव येतं. आमच्यात ती जागा रिकामी नसते. मी वरदा मोहन, दादा स्वानंद मोहन. बाळाच्या मध्ये स्वानंद. म्हणजे ऊना, ठेवायचं तर पुढे ठेवावं लागेल. रोज हाक मारायचं. शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे आधी तेच. नाहीतर नाहीच."

"वरदा, असं काही कम्पल्सरी..." स्वानंद बोलायला गेला.

"आहे कम्पल्सरी," सुहासिनी म्हणाली. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. गरज नव्हती.

ऊना वडिलांकडे पाहत होती. डोनल फोटोकडे. हाराच्या वर फक्त चेहरा उरला होता, उन्हाने बारीक झालेले डोळे.

"पुढेच ठेवा," तो म्हणाला. "मध्ये दडवायला त्याने काही केलं नव्हतं. कुणी विचारलं कुणाचं नाव, तर मला फोन करायला सांगा."

बारसं

पुस्तकांवर चढवलेला पाळणा. फुगे. झेंडूच्या माळा. वरून बाळ द्यायला सुहासिनी, आणि खालून घ्यायला बाई हवी, तर तिने हुकूम सोडला, "डोनलराव घेतील." एका काकूंनी भुवया उंचावल्या. सुहासिनीने त्या उतरेपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं.

म्हातारा गालिच्यावर गुडघे टेकून वाकला. हाडं वाजली. पाळण्याखालून त्याने हात पुढे केले, विटा रचणाऱ्याच्या मुलाचे मोठे हात, आणि त्यांत नातू आला.

"आता वर द्या. पुन्हा. अजून एकदा," बायका ओरडत होत्या.

"किती वेळा?" डोनलने खालून विचारलं.

"आम्ही सांगू तोपर्यंत!"

मग वरदा वाकली. बाळाचा कान तिच्या ओठांपेक्षाही लहान होता. ती काय म्हणाली ते फक्त त्याने ऐकलं. "कुर्र!" सगळे ओरडले आणि तिच्या पाठीत धपाटे बसायला लागले. आधी स्वानंदचा, जरा जोरातच. मग आईचा. डोनल घाबरून बघत राहिला. बाळाच्या आत्याला मारतात? ऊनाने त्याचा हात धरून तिच्या पाठीपाशी नेला. त्याने अगदी हळू थोपटलं.

वरदा सरळ झाली. केस मागे सारले. आवाज खणखणीत लावला.

"फिंटन स्वानंद करमरकर!"

टाळ्या झाल्या. डोनल तेवढा ताठ उभा होता. दोन्ही हात बाजूला, हनुवटी वर.

१९५२ साली सरकारी नोकरीची सात वर्षांची बंदी उठल्यावर काउंटी कौन्सिलने थोरल्या फिंटनला रस्त्याच्या कामावर बोलावलं. तो गेला नाही, स्लाउमध्येच विटा रचत राहिला.